उपवास करून यावे

३ नोव्हेंबर, सोमवार
पुस्तिका आली! ‘मधुमेह : जाणा आणि जपा’. चोवीस पानं, गुळगुळीत कागद. भाषा माझी, नाव कुणाचंच नाही — ‘संकलन : तज्ज्ञ समिती’. समिती म्हणजे साकोलीचा एक वार्ताहर, वय बावन्न, आणि त्याचा लाल पेन. मी फुगून बसलो. मंगला म्हणाली, "नाव नाही तेच बरं जी. चुकलं तं कोनी घरी येनार नाही."
बायको भविष्यवेत्ती असते, हे शास्त्रकारांनी कसं काय गाळलं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार
एकोडीत मधुमेह प्रकल्पाची पहिली तपासणी. सकाळची साखर १२६ किंवा वर निघाली तर डॉक्टरांना भेटा, असं आपलं पान चार सांगतं; पाचापासून पुढे साखर निघालेल्यांसाठी. बावीस जणांपैकी एकोणीस वर! प्रकल्पाचे साहेब फोनवर जवळजवळ आनंदात — "केवढा आकडा! बातमी लावा." लावली. तीन कॉलम.

१० नोव्हेंबर
एकोडीची चंद्रभागाबाई धान कापता कापता शेतातल्या बांधीतच खाली बसली. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. शिबिरात साखर २८० निघाली म्हणून गोळी वाढवली होती. वाढलेली गोळी साखर एकदम तळाला घेऊन गेली. तिथल्या आशाताई रंभाबाई धावल्या, साखरेचं पाणी पाजलं. वाचली.
बक्षीस म्हणून रंभाबाईंना साहेबांची नोटीस! ‘रुग्णांना सूचना नीट सांगितल्या नाहीत.’ गुरुवारी खुलासा द्या, नाहीतर प्रकल्पातून कमी.

११ नोव्हेंबर
एकोडीला जाऊन आलो. चंद्रभागाबाई खाटेवर, जीभ मात्र शाबूत.
"तपासणीच्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?"
"काईच नाही जी. उपास होता ना."
"तरी?"
"साबुदान्याची उसळ. ओंजळभर शिंगाडे. एक केळं. चहा तं उपासाले चालतेच."
पान चार काढलं. ‘तपासणीस उपवास करून यावे.’
रंभाबाई दाराशी उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या — "सर, मी तं पुस्तिकेसाठी लिवून देल्लं होतं, सकाळी तोंडात काईच न टाकता या म्हनून. तुमीच काटलं."
काटलं. लाल पेनानं. शेजारी शेराही मारला होता — ‘ग्राम्य’.

१२ नोव्हेंबर
उप + वास. जवळ राहणे. देवाजवळ, असं पाठशाळेत शिकलो. एकोडी साबुदाण्याजवळ राहिली. चूक व्याकरणाची नाही, वैयाकरणाची!
झोप नीट नाही. तीनदा उठलो, तांब्या रिकामा केला. अपराधाला तहान फार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
रंभाबाईंच्या मागोमाग साहेबांच्या खोलीत शिरलो.
"तुमचं काय काम?"
"शब्द माझा आहे."
साहेब हसले. चहा मागवला. मग हळूच — "पुस्तिकेवर तुमचं नाव नाही. कशाला अंगावर घेता? समजावून सांगणं बाईंचं काम होतं."
दहा दिवसांपूर्वी ज्यासाठी रुसलो, तेच आता सुटकेचं दार! मोह झाला. वहीत खोटं कशाला लिहू — झाला. चहा संपेपर्यंत टिकला.
मग कच्चा खर्डा टेबलावर ठेवला. रंभाबाईंचं वाक्य, त्यावर माझी लाल रेघ, वर माझं सुवाच्य अक्षर.
"हे छापणार. बातमीदार मी, आरोपी मी. सहआरोपीची जागा अजून रिकामी आहे."
साहेबांनी खर्डा उलटा करून ठेवला. रंभाबाईंनी तो पुन्हा सुलटा केला. "नोटीस मांगं घ्या साहेब. अन् ते लिवून द्या. तोंडाचं का, तोंडात तं साबुदानाबी जाते."

१५ नोव्हेंबर
नोटीस रद्द. लेखी! चंद्रभागाबाईंची गोळी डॉक्टरांनी पूर्वीइतकी केली. माझी कबुली संपादकांनी पान सातवर छापली, राशिभविष्याच्या खाली. माझ्या राशीला — ‘वाणीवर संयम ठेवा’.

१९ नोव्हेंबर
नवं पान चार तयार. रंभाबाईंचं, काना-मात्रा न हलवता — ‘रातचं जेवन करा. सकाळी तोंडात काईच टाकू नोका. साबुदाना नाही, शिंगाडा नाही, चहा नाही. निरं पानी चालते.’
साहेब — "अशुद्ध आहे हो."
मी — "असू द्या. शुद्धानं एक बाई बांधीत पाडली."
छपाईला गेलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
एकोडीत पुन्हा तपासणी. लोक बिचकलेले. रंभाबाईंनी माझा हात धरला — "पयले सर!" अख्ख्या गावासमोर ऐटीत बोट पुढे केलं.
"सकाळपासून तोंडात?"
"काही नाही."
"देवाचं?"
"ते... पूजेचं तीर्थ. पळीभर पंचामृत. पण ते काही खाणं—"
"मध, साखर असते ना त्यात?"
"पंचामृत म्हणजे मुळात पाच—"
"माईत आहे जी. घरी जा. उद्या उपाशी या."
चंद्रभागाबाई पदर तोंडाला लावून हसली. "सराले पान चार वाचून दाखवा ना कोनी!"
नंतर तिचं बोट टोचलं. १३८. ती खरोखर उपाशी होती. एकोडीत खोटा उपाशी मी एकटाच.

२५ नोव्हेंबर
उपाशी. तीर्थसुद्धा नाही. १९४.
रंभाबाई हसल्या नाहीत. पुस्तिका माझ्या हातात दिली. "डॉक्टरकडं मी येतो संगं. पान चार झालं तुमचं. आता पाचापासून वाचा."