मुळांत लपलेली सतरा पिल्लं

सरिता,

ओझरची बस गाठायचीय म्हणून तुला न उठवता निघतोय. तू माशांच्या टाकीत ती तरंगणारी रोपं सोडलीस तेव्हा मी त्यांना कचरा म्हणालो. चुकलो. आजवर गप्पी व्याली की मोठे मासे पिल्लं गिळून टाकायचे. आज बघतो तर रोपांच्या लोंबत्या मुळांत सतरा पिल्लं सुखरूप! समोरच्या जगतापांना बोलावून दाखवली. ते म्हणाले, "हे कुठं शिकलात?" म्हटलं, "माझ्या मुलीकडून."

पिल्लांना चिमूटभरच खाणं घाल.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाचा तुझा फॉर्म महिनाभर मी अडवून ठेवला होता. आज सही केलीय, टीव्हीवर ठेवलाय. रत्नागिरी लांब आहे म्हणून आई रडेल, तिला मी समजावतो.

बाबा