वाघ दिसल्यावर सांगते

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गादी खड्ड्याखड्ड्यांची, नळाला आधी गढूळ पाणी, चहा नुसता कोमट. पहाटे उठवतात, उघड्या जीपमध्ये बसवतात आणि जंगलात शिरलं की सगळे चिडीचूप. मला कुठलं गप्प बसवतंय! गाइड सारखा वळून बघतो. हरणं पाहिली, पंजाचे ताजे ठसे पाहिले. वाघ अजून नाही. म्हणून मुक्काम वाढवलाय. शिलाईचं दुकान बंद राहिलं तर राहू दे.

घड्याळजींनी लग्नाचं विचारलं तेव्हा, वाघ दिसल्यावर सांगते, असं माझ्या तोंडून गेलं होतं. त्यांना म्हणावं, वाघ काही माझ्या हातात नाही. भावोजींना नमस्कार.

माझ्या वेडेपणासकट माझ्यावर लोभ असू दे.

तुझी,
चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

घड्याळजी रोज संध्याकाळी येतात. थेट काही विचारत नाहीत, तिकडे हवा कशी आहे एवढंच विचारतात. हाताला चाळा म्हणून त्यांनी आमचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, मग गजराचं, काल यांचं मनगटावरचं. एकही परत जोडलेलं नाही. चिमटा हातात धरून दाराकडे बघत बसतात. किती वाजले ते शेजाऱ्यांना विचारत फिरायचं का, असं हे काल माझ्यावर डाफरले.

आता तुझं. गादीवर, पाण्यावर, चहावर चिडलीस आणि वाघ दिसला नाही म्हणून साधी कुरकुरसुद्धा नाही? तू तर त्या गाइडच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्यास. मला संशय येतोय. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण त्या माणसाचा जीव टांगणीला लावू नकोस. आणि हो म्हणालीस तर कोण काय बोलतंय ते बघायला मी आहे.

रागावले तरी माया आटत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंसच. वाघ पहिल्याच सकाळी दिसला. वाघीण होती. जीपच्या समोरून रस्ता ओलांडताना मध्येच थांबली, आमच्याकडे बघितलं आणि सावकाश गवतात गेली. मी इतकी हरखले की शेजारच्या अनोळखी बाईंना कोपराने ढोसून विचारलं, अहो, बघितलंत का. त्या बिचाऱ्यांनी मान हलवली. पण मी त्यांना विचारतच नव्हते.

ताई, हे गेल्यापासून काही छान दिसलं की मी मनातल्या मनात यांनाच सांगते. त्या सकाळी यांची आठवणसुद्धा झाली नाही. शेजारी घड्याळजी बसलेत असं धरूनच मी बोलले. वाघिणीची नाही वाटली एवढी भीती मला त्याची वाटली. म्हणून खोटं लिहिलं आणि रोज जंगलात जात राहिले. जागा बदलून बसले, डोळे मिटून बसले. पण काहीही दिसलं की कोपर पुन्हा शेजारी जातंच. रात्री झोप नाही, दिवसा बसवत नाही.

उद्या निघते. घड्याळजींना फक्त एवढं सांग, वाघ दिसला. आणि भावोजींची घड्याळं आधी जोडायला लाव. मी किती उशीर केला ते त्यांना नीट कळायला हवं.

माझ्यावर होता तो लोभ आता दोघांवर असावा.

तुझी,
चिमी