पहिल्या मजल्यावरचे तीन शनिवार

रविवार, ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सात महिने पत्र नाही, याची माफी पहिल्याच ओळीत मागतो. आधी कामाचं कारण लिहिलं होतं, ते खोडलं. पीत होतो, म्हणून लिहिलं नाही. दुकानात मालकांनी चष्म्यांचे बारीक स्क्रू बसवण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. आता मी फक्त काचा घासतो. पुन्हा पिऊन आलो तर तेही जाईल. मालक हे अगदी शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

तू पाठवलेली पत्त्याची चिठ्ठी सहा महिने पाकिटात होती. शेवटी गेलो. वाचनालयामागची इमारत, शनिवारी सहा, पहिला मजला. दार ढकललं तर दहाबारा बायका आणि एक म्हातारे गृहस्थ गोल करून बसलेले. मनात म्हटलं, पिणारी माणसं इतकी टापटीप कशी? पोस्टातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी खुर्ची पुढे केली आणि हळूच विचारलं, तुमच्या घरात कोण पितं? तेव्हा उलगडलं. ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक. पिणारे खाली, तळमजल्यावर बसतात. उठायला हवं होतं. मी म्हणालो, भाऊ.

ताई, पहिला शनिवार चुकीचा म्हणता येईल. पुढचे दोन शनिवार मी तो जिना जाणूनबुजून चढलो. एक शिक्षिका सांगत होती, नवरा दारात पडला की ती शेजाऱ्यांना साखर कमी झाली म्हणून सांगते. मी तुझ्या जिन्यात पडलो होतो तेव्हा तूही हेच सांगितलं होतंस. आजवर मी समजत होतो की लोकांना ते पटलं. पोस्टातल्या बाई दर वेळी विचारतात, भाऊ कसा आहे? काल म्हणाल्या, एकदा घेऊन या त्याला, खालच्या दारापर्यंत मी सोबत येईन. मी हो म्हणून मान हलवली.

दुसऱ्या शनिवारी घरी येऊन प्यायलो, हेही लिहून ठेवतो. त्याला आठ दिवस झाले. तूच सांग, खोटं बोलून मिळवलेल्या खुर्चीवर जे खरं ऐकलं, ते आपलं म्हणायचं का?

तुझे दात कसे आहेत? पाच वर्षं दर बुधवारी दातांचा डॉक्टर! तुला बत्तीस आहेत की बावन्न?

राग असला तरी लोभ राहू दे.

तुझा,
धाकटा

—

गुरुवार, १३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग शिलाईचं मशीन बंद करून नुसती बसून राहिले. अरे मेल्या, जिना तू चुकला नाहीस, पत्ता मीच चुकीचा दिला. आमच्या बैठकीत गावोगावच्या पत्त्यांची एक वही असते, घाईघाईत त्यातूनच उतरवला. ती वही घरच्यांच्या बैठकांची. माझ्या लक्षातच आलं नाही.

‘आमच्या बैठकीत’ वाचून थबकला असशील. माझे दात ठणठणीत आहेत. पाच वर्षं दर बुधवारी मी तिथेच जाते. तुझे दाजी सोडायला येतात आणि बाहेर स्कूटरवर बसून पेपर वाचतात. पहिल्या दिवशी मलाही विचारलं, कोण पितं? मीही म्हणाले, भाऊ. घरी आल्यावर वाटलं, तुझी चहाडी करून आले.

आणि शेजाऱ्यांना काहीही पटलं नव्हतं. वरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी मला वाटीभर साखर आणून दिली, म्हणाल्या, भावासाठी ठेव. मी निमूटपणे डब्यात ओतली.

तू विचारलंस म्हणून सांगते. ऐकलंस ते तुझंच, पण खुर्ची तुझी नाही. तिथे कुणाची तरी बहीण यायची असेल. खाली जा. तुला हाताला धरून न्यायला मी येणार नाही, आणि यापुढे जिन्यातून उचलणारही नाही. हे मी बैठकीतच शिकले, लिहायला मात्र पाच वर्षं लागली. पत्र दर आठवड्याला टाकीन, तू प्यायलास तरी.

वेळेवर जेवत जा. दाजींचा आशीर्वाद आणि माझी माया, दोन्ही धरून ठेव.

ताई

—

शुक्रवार, २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी दुपारी दुकानात मिळालं. खिशात घालून गेलो. तळमजल्याचं दार जिन्याच्या पहिल्या पायरीला लागूनच आहे. तीन शनिवार ते मला दिसत नव्हतं, असं आता म्हणवत नाही.

आत आठ माणसं होती. बैठक एक बसचालक चालवतो. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, मी पितो, आणि गेले तीन शनिवार वर बसत होतो. सगळे पोट धरून हसले. चालक म्हणाला, मग आमच्या बायका काय म्हणतात तेवढं तरी सांग बाबा. मी म्हणालो, वरचं वरच राहू द्या. त्यानं मान डोलावली आणि माझ्यापुढे चहा ठेवला. सांडू नये म्हणून कप दोन्ही हातांनी धरला. शेजारी पाहिलं, तर शेजारच्यानंही दोन्ही हातांनीच धरलेला.

आज वीस दिवस झाले. मालकांना काही बोललो नाही. स्क्रूचं काम मागण्याइतका माझाच माझ्यावर विश्वास नाही अजून.

एक मात्र राहिलं. बैठक सुटल्यावर पोस्टातल्या बाई जिना उतरताना दिसल्या आणि मी दाराआड सरकलो. त्या इकडेतिकडे बघत थोडा वेळ थांबल्या. मी आलो नाही म्हणजे भावाचं काही बरंवाईट झालं, असंच त्यांना वाटलं असणार. आठवडाभर त्या एका परक्या माणसाच्या काळजीत असतील, आणि तो माणूस इथे बसून काचा घासतोय. कदाचित रागावतील. रागावू देत.

तुझ्या बत्तीसही दातांना नमस्कार. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. उद्याचं काम एकच: पावणेसहाला जिन्यापाशी उभं राहून पोस्टातल्या बाईंना सांगणे, भावाला घेऊन आलोय.