चढ उणे पाच

बाबा, आई आत्ता झोपली आहे. रविवारची दुपार आहे, गुडगावच्या या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही, आणि मला बऱ्याच महिन्यांनी नुसतं बसायला मिळालंय. तुम्हाला सांगायचं राहून जात होतं, की आईच्या किडन्या हळूहळू काम सोडताहेत. ऑफिस, हॉस्पिटल, तिचं बिनमिठाचं जेवण, परत ऑफिस, असं चाललंय. दमले आहे मी.

दिल्लीतल्या पहाडगंजच्या आपल्या दोन खोल्यांत टेबल नव्हतं, म्हणून शाळेत शिकवून आलात की तुम्ही मला स्वयंपाकघरातच गणित शिकवायचात. आईच्या पोळ्या आटोपल्या की ओटा पुसायचा आणि त्या काळ्या दगडावर खडूने दोन अक्ष काढायचे. तुम्ही दोन ठिपके देता, मी त्यांतून जाणारी रेषा शोधते. आधी चढ, मग ती उभ्या अक्षाला कुठे छेदते ते. "चढ सांगतो रेषा कुठे चाललीय," तुम्ही म्हणता, "आणि छेद सांगतो ती निघाली कुठून." एकदा चढाचा अपूर्णांक मांडताना मी वर दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा. तुम्ही ओरडला नाहीत. ओट्याकडे बोट दाखवून म्हणालात, "ही रेषा उतरतेय. तुझं उत्तर म्हणतंय ती चढतेय. मी कुणाचं खरं मानू?" मी रडकुंडीला आले. आई म्हणाली, "अहो, जेवू द्या तिला आधी." "जेवेल. वर ज्या क्रमाने वजा केलंस, त्याच क्रमाने खाली. एवढं कर आणि ऊठ." त्या दिवशी भात गार झाला, ते मला अजून आठवतं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आईचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. किडनी किती काम करते याचा एक आकडा असतो, निरोगी माणसाचा नव्वद-शंभर. आधीच्या रिपोर्टमध्ये चाळीस होता, दोन वर्षांनी तीस. "देखिए, गिर तो रहा है," ते म्हणाले. "इसी रफ़्तार से चला तो कुछ साल में डायलिसिस की बात करनी पड़ेगी." आईला हिंदी चांगली कळते, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू कळलंच नाही. तिला तपासणीसाठी रक्त द्यायला आत नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून औषधाच्या पाकिटावर आकडेमोड केली. तुम्ही गेलात ते वर्ष शून्य धरलं. नवव्या वर्षी चाळीस, अकराव्या वर्षी तीस. चढ आला अधिक पाच. दोन-चार क्षण, बाबा, मला खरोखरच वाटलं की आई सुधारतेय. डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय. मग लक्षात आलं, मी खाली क्रम उलटा घेतला होता. उणे पाच. दर वर्षी पाचने खाली.

मग छेदही काढला. नऊ वर्षांचे पंचेचाळीस चाळीसात मिळवले, पंच्याऐंशी आले. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा ती तिथे असणार, उतरण सुरूही झालेली. दोनच ठिपक्यांवरून इतकं मागे जाऊ नये, हे तुम्ही म्हणाला असतात, ते मला कळतं. पण त्या वर्षी तिचे पाय सुजायचे आणि आपण सगळे तुमच्याच तपासण्या करत होतो, हेही खरं आहे.

घरी आल्यावर तिने विचारलं, "पाकिटावर काय लिहीत होतीस?" मी सांगितलं, तुझी रेषा काढली. ती हसली. "अगदी त्यांच्यासारखी आहेस. मग कुठे टेकते ती?" मी म्हटलं, "पाकीट लहान होतं गं, तिथपर्यंत जागाच नव्हती."  तिने भाजी निवडायला घेतली.

या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. माझ्या रेषेप्रमाणे सहा महिन्यांनी सत्तावीस-अठ्ठावीस यायला हवे होते. एकोणतीस आले. डॉक्टर म्हणाले, "अच्छा है, यही चलने दीजिए." आईने परतीच्या टॅक्सीत विचारलं, मग आता एखादा पापड चालेल का. मी नाही म्हटलं, जरा तोडूनच, आणि ती घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. आज दुपारी तिला अर्धा पापड भाजून दिला.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि एक सांगून टाकते. हॉस्पिटलच्या बाकावर मला तुमची फार आठवण येते, पण दर वेळी ती मायेने येते असं नाही. तुम्ही असतात तर तिच्याजवळ तुम्ही बसला असतात आणि मी घरी जाऊन झोपले असते, एवढंच मनात येतं.