हातचं पाणी

संत मार्टिनचा सण, सन १०७५

यंदा बदक आलं नाही! दरवर्षी या सणाला गावातलं कुणी ना कुणी पाद्र्याच्या दारात एक लठ्ठ बदक आणून सोडतं. आज गेर्बानं सलगम उकडले. आम्ही नवराबायको एकमेकांकडे न बघता जेवलो.

सकाळी मिस्सेच्या प्रार्थनेला म्हातारा घंटावाला गोझो आणि त्याचा कुत्रा. बाकी सगळं गाव बाहेर, लिंडनच्या झाडाखाली, त्या अनवाणी बैराग्याभोवती. हुगबाल्ड त्याचं नाव. वेदीपाशी मला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता — "बायकोच्या कुशीतून उठतो आणि त्याच हातांनी वेदीवरच्या भाकरीतल्या प्रभूला उचलतो! अशाच्या हातचं घ्याल?"

"नाही!" सगळ्यांत मोठा आवाज लांबेर लोहाराचा. त्याचं लग्न मी लावलंय.

दुसऱ्या दिवशी

माझे वडील पाद्री, त्यांचे वडील पाद्री. आईला सगळं गाव मानानं पाद्रीणबाई म्हणायचं. गेर्बाला काल विहिरीवर कुणीतरी रखेल म्हणालं. गरोदर बाईला!

रोमहून हुकूम आहे म्हणे — पाद्र्याला बायको नको, आणि ज्याला असेल त्याची मिस्सा ऐकू नका. गंमत अशी, की याच हुकमाचा पहिला भाग आला तेव्हा मीच नाचलो होतो. चांदी मोजून गादी विकत घेणाऱ्या बिशपांना हाकला! वा! गोझोला हात दुखेपर्यंत घंटा वाजवायला लावली. चर्च झाडून काढायला झाडू हवा होता. आला. आता कचरा मीच!

संत अँड्र्यूचा दिवस

माझ्या वाट्याच्या धान्याच्या पेंढ्या गावानं दारासमोर आणून जाळल्या. मग काही पोरं देवळात शिरली, बाप्तिस्म्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी फोडली, पायांनी तुडवली. लांबेर मागे उभा होता. टोपी हातात.

"पाद्रीबाबा, राग मानू नका. तुम्ही माणूस सोन्यासारखे. पण लेकरांच्या आत्म्याचा प्रश्न आहे हो."

सोन्यासारखा! यापेक्षा शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं, लांबेर.

संत निकोलसचा दिवस

लांबेरनं नातवाचा बाप्तिस्मा स्वतःच केला! भट्टीशेजारच्या पाण्याच्या डोणीत. आणि तेलाऐवजी काय लावलं? कानातला मळ! स्वतःच्या कानातला! गोझोनं सांगितलं तेव्हा मी हसून हसून बाकावर बसलो. घरी येऊन गेर्बाला सांगितलं. ती हसली नाही.

"लागला असेल का हो तो?"

म्हटलं, पाणी आणि शब्द बरोबर असले तर लागतो. जीव जात असला तर सुईणीनं केलेलाही लागतो.

"आणि तुमच्या हातचा?"

मी तिच्यावर ओरडलो आणि ताट सरकवून उठलो.

दुसऱ्या दिवशी

ओरडायला नको होतं. तिचं डोकं कुठे असतं ते मला ठाऊक आहे. आमचा पहिला मुलगा पाण्याचा थेंब लागायच्या आत गेला. मी दुसऱ्या गावी कुणाच्या तरी मयतीला. बाप्तिस्मा नाही म्हणून दफनभूमीत जागा नाही — नियम मीच वाचून दाखवला, खड्डाही मीच खणला. कुंपणाबाहेर, काटेरी झुडपाखाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. ती खिडकी गेर्बा थंडीतसुद्धा लावत नाही.

या गावातलं तिशीच्या आतलं प्रत्येक डोकं माझ्या हातानं भिजलंय. एकदा, फक्त एकदा, माझ्या स्वतःच्या लेकराचं भिजू दे. रीतीनं, तेलासकट. मग घ्या तुमची वेदी.

संत ल्यूसीचा दिवस

बिशपचा निरोप. नाताळनंतरच्या तीन राजांच्या सणापर्यंत बाई घालवा, नाहीतर चर्च सोडा.

गेर्बाला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. बाळाचं दुपटं शिवत होती.

संत थॉमसचा दिवस

शहरात आलोय, तेलासाठी; ते बिशपच्या चर्चमध्येच मिळतं. बर्फातून चालून बूट फाटले. तिथल्या मोठ्या पाद्र्यांनी बाहेर ताटकळत ठेवलं, मग आत बोलावलं. शेगडीपाशी एक गोरीपान बाई भाकरी शेकत होती.

"बायको घालवलीस?"

मी त्या बाईकडे पाहिलं.

"ती स्वयंपाकीण आहे," ते म्हणाले. "गाढवा, तूही तेच म्हणायचं होतंस." मग क्रूस पुढे केला. "हात ठेव आणि म्हण — मला बायको नाही. तेल मिळेल."

म्हणालो. आवाजही कापला नाही माझा. कुपी छातीशी बांधून घेतली आहे, तेल थिजू नये म्हणून. मला माझीच किळस येते आहे. पण तेल मिळालं.

नाताळचा आदला दिवस

मुलगी! रस्त्यावरूनच रडणं ऐकू आलं. फाटक्या बुटांनी धावलो. घंगाळ मांडलं, कुपीचं बूच काढलं. टेटा सुईणीनं माझं मनगट धरलं.

"झालंय, पाद्रीबाबा."

"काय झालंय?"

तिनं दुपटं बाजूला केलं. बाळाच्या कपाळावर काहीतरी पिवळट, चिकट. कानातला मळ.

मी विचारलं, लांबेर आला होता का? नाही. हुगबाल्ड? नाही. या दोघींशिवाय घरात कुणीच नव्हतं.

"जीव जात होता का तिचा?"

गेर्बानं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं.

"नाही. पण या वेळी मला खात्री हवी होती हो."