चौदा व्होल्टचे एकशेचाळीस

९ जानेवारी, शुक्रवार

सहा डायोड! एका झटक्यात सहाच्या सहा!

व्होल्ट चौदावर अडवणारा रेग्युलेटर काढून टाकला, बॅटरीची तार सरळ आतल्या गुंडाळीला दिली आणि दुकानातल्या चाचणीच्या मोटरवर अल्टरनेटर फिरवला. मीटर चौदावरून तीस, तीसवरून पंचेचाळीस. साठला पोचला आणि फुस्स. धूर. मालक चहाचा कप हातात धरूनच आत आले. म्हणाले, "बाई, वीस वर्षं माझ्याकडे मोटरी गुंडाळता आहात. गाडीतल्या वस्तूला गाडीत राहू द्या की."

राहू द्या म्हणे. यांच्या घरी दिवे आहेत.

११ जानेवारी, रविवार

चिडचिड कागदावर उतरवते, म्हणजे बाबांवर निघणार नाही.

आमचं, म्हणजे बाबांचं आणि नवरा वारल्यापासून माझंही, घर मागे, दादाचं पुढे, रस्त्याला लागून. आजवर त्याच्या मीटरवरून तार ओढलेली होती. नोव्हेंबरात वीज ऑफिसचा वायरमन आला, एका मीटरवर दोन घरं चालत नाहीत म्हणाला, आणि कापून गेला. आपली लाइन घ्यायची तर खांब दादाच्या अंगणात पडतो. त्यासाठी दादाची सही लागते. दादा सही देत नाही. संपलं!

मागे ओढा आहे, बारा महिने वाहणारा. डिसेंबरात वरून पाइप आणला, जुन्या पळ्यांची टोकं कापून चाकाला जोडली, भंगारवाल्याकडून गाडीचा अल्टरनेटर, फिरवला की वीज देणारं डबडं, आणून बसवला. फिरतो बिचारा. ओढ्यावर चौदा व्होल्ट. पण ओढा ते घर एकशे ऐंशी मीटर तार! घरात येईपर्यंत सहा उरतात. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो.

तारेत वाया जाऊ द्यायचं नसेल तर व्होल्ट वाढवूनच पाठवायला हवेत. दुसरा मार्ग नाही. म्हणून हा सगळा उपद्व्याप.

आज बाबा कंदील घ्यायला गेले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. कपाळावर टेंगूळ. डोळे जवळजवळ गेलेलेच आहेत, पण उजेड असला तर दार कुठे आहे तेवढं कळतं त्यांना. "चौकट जरा पुढे आलीये का गं?" असं विचारत होते. मला हसू आलं नाही.

१४ जानेवारी

व्होल्ट वाढले की डायोडच जळतात, म्हणून त्यांच्या अलीकडूनच तारा बाहेर काढल्या. दुकानातल्या मोटरवर ब्याऐंशी व्होल्ट! ब्याऐंशी!!

१८ जानेवारी, रविवार

ओढ्यावर एकोणीस.

कारण उघड आहे, आणि ते आधी सुचलं नाही म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दुकानातली मोटर जेवढी जोरात फिरते त्याच्या पाव वेगानेही माझं चाक फिरत नाही. पाण्याला काय, अर्ज देऊ? जरा पळ म्हणून?

वेग वाढत नसेल तर फेरे वाढवायला हवेत. म्हणजे आतली सगळी गुंडाळी उपसून बारीक तारेने नव्याने भरायची. प्रत्येक वेटोळ्यात सात फेरे आहेत. मला सत्तर हवेत. चौदाचे एकशेचाळीस. हिशोब सोपा आहे. काम नाही.

२५ जानेवारी, रविवार

नको ते बोलून आले.

सकाळी दादा गाडी पुसत होता. मी चांगल्या तोंडाने गेले होते, खरंच. म्हटलं, "खांब एका कोपऱ्यात घेऊ. वायरमनशी मी बोलते." तो फडकं न थांबवता म्हणाला, "कुठल्याही कोपऱ्यात घे, गाडी वळणार कुठे माझी? डोक्यावर?"

"बाबा अंधारात धडपडतात."

"बाबांना आता उजेड काय आणि अंधार काय."

असं म्हणाला! मग माझंही तोंड सुटलं. रस्त्यावर चार माणसं उभी होती, समोरचा न्हावी दारात आला होता, तरी ओरडले, "आई गेली तेव्हाही तू गाडीच वळवत होतास!"

तो भाडं घेऊन लांब गेला होता तेव्हा. निरोप मिळाल्यावर रात्रभर चालवत आला, तरी उशीर झाला. मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. वहिनी दारातून आत गेल्या. दादाने फडकं पिळलं, बादली उचलली आणि निघून गेला.

त्याने उलटून काही बोलायला हवं होतं. बरं वाटलं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बोटं सोलली. तीन दिवसांत चार वेटोळी, अजून चौदा बाकी. मोठ्या मोटरीच्या खाचेत निदान बोट तरी जातं, इथे नखही जात नाही. शिवाय मधेच फेऱ्यांची मोजणी चुकते आणि सगळं उलगडा!

शेवटी बाबा म्हणाले, "मला दे मोजायला." चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. तार त्यांच्या अंगठ्याखालून सोडली. प्रत्येक फेऱ्याला अंगठ्याला हिसका बसतो, तो ते मोजतात. एकदाही चुकले नाहीत! मीच मधे म्हटलं, "झाले का सत्तर?" तर म्हणाले, "एकोणपन्नास. आणि गिऱ्हाइकाने काउंटरवर वाकायचं नसतं."

आज पाच वेटोळी झाली.

८ फेब्रुवारी, रविवार

जळलं. खाचेच्या धारेने तारेचं लाखेचं वेष्टन खरवडलं असणार. तीन वेटोळी काळी ठिक्कर. घरभर तो वास.

डबडं ओढ्यात फेकायला निघाले होते. बाबा म्हणाले, "फेकलंस तर परत आणायला तूच जाशील. पाणी गार आहे."

१५ फेब्रुवारी, रविवार

भंगारवाल्याकडून आले तर अंगणात चिखलाच्या बुटांचे ठसे. बाबा म्हणाले, दादा येऊन गेला.

"कशाला?"

"असाच. तब्येत विचारायला."

तीन महिन्यांनी तब्येत आठवली! म्हटलं, पुन्हा आला तर सांगा, मी असताना ये म्हणावं. बाबा खाचांना कागद कुठला लावणार, जाड की पातळ, हे विचारत बसले. त्यांना काय करायचंय! पण सांगितलं. सांगता सांगता तासभर गेला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात जाताना दादा आडवा आला. स्वतःहून थांबला. म्हणाला, "काय, अजून हट्ट संपला नाही का? आता तर सगळं तुझ्याच हातात आहे."

माझ्या हातात! सोललेली बोटं त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, "हो, हे बघ काय आहे माझ्या हातात."

तो कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. वर मानभावीपणा! दिवसभर डोकं ठणकत होतं. एका गिऱ्हाइकाच्या पंख्याची मोटर उलटी जोडली. मालकांनी सुलटी केली.

४ मार्च, बुधवार

अठराच्या अठरा वेटोळी भरली, लाख पाजली, सुकवली. बाबांनी प्रत्येकावरून बोट फिरवून पास केली.

संध्याकाळी पाणी सोडलं. मीटर ओढ्यावर एकशे बेचाळीस! धावत घरी आले, तर इथे एकशे छत्तीस! तारेत फक्त सहा गेले!! चार बल्ब लावले. चारही लख्ख. मी स्वयंपाकघरात उभी राहून भांड्यांकडे बघत होते. किती घाण झालीत!

मग बाहेरचा बल्ब कशाला जाळायचा म्हणून तो बंद केला. झालं. ओझं कमी झालं, पाणी तेवढंच, चाक उधळलं. व्होल्ट कुठे गेले देव जाणे. उरलेले तीन फटाफट फुटले. एक बाबांच्या डोक्यावरच! काचा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. मी काचा वेचतेय आणि हे विचारतात, "किती झाले होते गं? दोनशेच्या वर?"

संतापले मी. इतकी ओरडले की घसा बसला. "तुम्ही आंधळे झाला असता" असं म्हणाले. आणि मग दोघंही हसत सुटलो. वेडं घर आहे हे.

७ मार्च, शनिवार

डाव्या हाताने लिहितेय. वाचता आलं नाही तरी चालेल.

चाक फिरत असताना जोड घट्ट करायला गेले. शहाणी बाई! वीस वर्षं दुसऱ्यांना सांगते, आधी बंद करा. पंजा चिकटला, मग फेकली गेले दगडांवर. उजव्या तळव्याला भाजलंय, मनगट मोडलंय. ओरडल्याचं मला आठवत नाही. पण वहिनींनी ऐकलं, आणि दादाने मला ओढ्यातून उचलून गाडीत घातलं.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. सहा आठवडे प्लास्टर.

परत येताना दादा शेवटी बोलला. "एवढं सगळं कशासाठी? जीव गेला असता. एका कागदाने काम झालं असतं."

मी म्हटलं, "तुझ्या कागदाची मला गरज नाही."

त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली. माझ्याकडे वळला. मला वाटलं आता हात उगारतो. मग म्हणाला, "बरं." आणि गाडी सुरू केली.

मला सही देत नाही आणि वर मलाच ऐकवतो!

१२ मार्च

रजा. उजवा हात गळ्यात. वेणी घालता येत नाही, कणीक मळता येत नाही. वहिनी डबा ठेवून जातात, दारातूनच.

बाबा रोज विचारतात, "यंत्र कधी लावायचं?" कुठलाही बाप म्हणाला असता, पुरे आता, सोड. हे उलटे! आज मी बोलून गेले, "बाबा, तुम्हाला मी मेलेली चालेल, पण दिवे हवेत." ते एकदम बसले. जेवले नाहीत. मी माफी मागितली, तर म्हणाले, "नाही, नाही. तुझं बरोबर आहे." दिवसभर तेच पुटपुटत होते.

२९ मार्च, रविवार

सुचलं! आंघोळ करताना. दिवे बंद केले की चाक उधळतं, तर ओझं कमीच होऊ द्यायचं नाही. पाण्याच्या पिंपात गरम करायची कॉइल. बल्ब बंद झाला की तेवढी वीज आपोआप कॉइलकडे वळेल असा जोड. भंगारवाल्याला बोलावलं. मी तोंडाने सांगितलं, त्याने हाताने केलं. पाणी बंद करून! दर दोन मिनिटांनी मी विचारत होते, "बंद आहे ना?" तो वैतागला. "ताई, तुमच्यापेक्षा माझा जीव मला जास्त प्यारा आहे."

सव्वासहाला लावलं. पाच बल्ब. एक बंद केला, काही नाही. दोन बंद केले, काही नाही! पिंपातलं पाणी कोमट झालं, बस.

बाबा खुर्ची फिरवून बल्बकडे तोंड करून बसले. "उजवीकडे जरा वर, ना?" म्हणाले. हो, बाबा. उजवीकडे जरा वर.

भंगारवाला गेल्यावर पिंपातल्या पाण्याने त्यांचे पाय धुतले. एका हाताने.

५ एप्रिल, रविवार

आता बॅटरी! अल्टरनेटरच्या आतल्या गुंडाळीला सतत बॅटरी पाजावी लागते आणि ती तीन दिवसांत रिकामी. उचलून दुकानात न्या, भरा, आणा. मोडक्या हाताने! आता त्याच चाकावर दुसरा अल्टरनेटर बसवतेय, मूळ गुंडाळीचाच, फक्त बॅटरी भरायला. एकाचं पोट भरायला दुसरा. उद्या दुसऱ्यासाठी तिसरा लागेल. कटकट संपतच नाही. बाबा मात्र खूश. पट्ट्याची लांबी किती ते दोरीने मोजतात.

१० एप्रिल, शुक्रवार

वायरमन आला होता. "बाई, अर्ज का देत नाही? तुमच्या भावाने फेब्रुवारीतच संमतीचा कागद सही करून, शिक्का मारून नेलाय की."

बाबांना विचारलं. त्यांनी तो कागद गादीखालून काढून दिला. दादाने तुला द्यायला माझ्याकडे दिला होता, म्हणाले. पंधरा फेब्रुवारीला.

"का, बाबा?"

"जावई गेल्यापासून वर्षभर तू या घरात एक शब्द बोलत नव्हतीस. भिंतीकडे तोंड करून पडायचीस. त्या डबड्याला शिव्या द्यायला लागलीस तेव्हा कळलं, पोरगी आहे अजून." मग माझं प्लास्टर चाचपलं. "हे असं होईल असं वाटलं नव्हतं गं."

दादाला वाटतंय, कागद मिळूनही मी त्याच्या तोंडावर फेकला.

चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. जाते.