नंबर दिसत होता

प्रिय जयराज,

फोनवर मी धरणेंद्रचं नाव काढलं की तू ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. आईला तू रजेवर आहेस असंच सांगितलंय. निलंबनाचं कळू दिलेलं नाही. तेवढी थापही मला जड जाते. कडेगावात ऊसतोड जोरात आहे, रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला असतो. त्या नाक्यावरून मला जाववत नाही.

त्या संध्याकाळी मी तुझा डबा घेऊन आले होते. हेल्मेट नाही म्हणून तू धरणेंद्रला अडवलंस. त्याचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं, "सायेब, दंड उद्या येऊन भरतो, आत्ता सोडा. दिवस बुडायलाय, आई जेवायची थांबलीया." तो गाडी काढून निघाला आणि चहाच्या टपरीवरचे गडी तुला हसले, "आवं सायेब, तुमची गाडी गाभण हाय व्हय?" तेव्हा तू किक मारलीस. ते हसले नसते तर तू गेला असतास का, हे मी रोज स्वतःला विचारते. पळेल त्याला सोडून दिलं तर उद्या कोण थांबेल, हेही मला पटतं. पण तू मागे लागला नसतास तर तो वळणावर उसाच्या ट्रॉलीखाली गेला असता का?

काल त्याच्या घरी जाऊन आले. तुझी बहीण आहे, हे आधीच सांगितलं. त्याच्या आईचा, राजमतीकाकूंचा नेम कडक. सूर्यास्तानंतर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि मुलाशिवाय ताटावर बसत नसत. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "गाडीचा नंबर दिसत हुता न्हवं? मग घरी यायचं की तुज्या भावानं. आमी कुटं पळून जाणार हुतो?"  याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

पाठलाग केलाच नाही, असं तू लिहून दिलंयस. मी तिथं नव्हतेच असं सांगावं, हा निरोप तू बायकोहाती धाडलास. बोलताना तिनं मान वर केली नाही. सोमवारी सांगलीत तुझी चौकशी आहे. मी येणार आहे. तू आधी आत जा, काय घडलं ते तुझ्या तोंडूनच सांग. मी बाहेर बाकावर बसेन. पण तू काहीही सांगून बाहेर आलास, तरी तुझ्यानंतर मी आत जाणार.

तुझीच,
अक्का